पिंप भरेपर्यंत : रोजचं साधं ध्यान कसं सुरू करायचं

आमच्याकडे बडोद्याला दांडिया बाजारात नळाला पाणी सकाळी सव्वासहाच्या सुमारास येतं. आधी पाइपातून नुसती फुसफुस हवा, मग थोडं गढूळ, मग स्वच्छ धार, आणि मागच्या चौकातलं २०० लिटरचं निळं पिंप भरायला वीसेक मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मी पिंपाशेजारी पाटावर बसते. गेली सहा वर्षं बसतेय, आणि मला कोणी विचारलं की ध्यान कसं सुरू करायचं तर मी आधी आसन, श्वास वगैरे सांगत नाही, मी विचारते की तुमच्या घरी रोज ठरलेल्या टायमाला वाट बघायला लागते अशी कुठली गोष्ट आहे? कारण वेगळा वेळ काढून ध्यान करीन असं म्हणणाऱ्यांचं ध्यान आठ दिवसांत बंद पडलेलं मी इतक्या जणींचं बघितलंय, आणि माझं स्वतःचंही दोनदा बंद पडलं होतं.

माझं सुरू कसं झालं ते थोडक्यात सांगते. बेचाळीस-त्रेचाळीसची असताना झोप गेली. रात्री दोनला डोळा उघडायचा तो उघडाच, ह्यांच्या कंपनीचं काय होणार, मुलीची बारावी, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्याच वेळेला डोक्यात. बीपी १४६/९२ आलं. डॉक्टरांनी गोळी लगेच दिली नाही, म्हणाले मीठ कमी करा, चाला, आणि डोकं शांत ठेवायला काहीतरी करा. मी एका क्लासला गेले. तिथे पहिल्याच दिवशी जोरजोरात श्वास घ्यायला लावले, मला हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, चक्कर आली, आणि शिकवणारे म्हणाले की आतली घाण बाहेर पडतेय. तेव्हा मी मान डोलावली. नंतर कळलं की खूप भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच मुंग्या येतात आणि गरगरतं, त्यात घाण-बिण काही नसतं. मला त्या गोष्टीचा अजून राग आहे, कारण घाबरून मी पुढे वर्षभर ह्या विषयाच्या वाटेलाच गेले नाही. म्हणून पहिल्यांदाच सांगते, इथे जे सांगणार आहे त्यात कुठेही जोर नाहीये. जोर लागतोय असं वाटलं की समजायचं आपण चुकतोय.

तर आधी वेळ. पाण्याचा टाईम नसेल तर दुसरं शोधा. माझी नणंद मांजलपूरला राहते, तिच्याकडे सोसायटीत चोवीस तास पाणी, तर ती जावयाने दिलेल्या मशीनमध्ये कपडे टाकले की शेवटचं फिरणं संपेपर्यंत बसते. एक बेन आहेत शेजारच्या पोळीतल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, त्या नातवाला कमाटीबागेत स्केटिंगला सोडतात आणि तो येईपर्यंत बाकावर डोळे मिटून बसतात, आजूबाजूला लोक चालतायत, पोरं ओरडतायत, त्यांचं चालू असतं. कुकर लावून बसू नका असं मात्र सांगीन, शिट्ट्या मोजण्यात जीव अडकतो आणि गॅस चालू असताना डोळे मिटणं मला बरोबर वाटत नाही. जेवल्यावर लगेच नको, झोप येते. पहाटेचं, पोट रिकामं असतानाचं सगळ्यात सोपं, त्यात आपल्या बडोद्याचा उन्हाळा, मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की दुपारी शांत बसणं हे बोलायलाच ठीक. अंथरुणात बसूनही नको, अंथरुणाला झोपेची सवय असते, ते ध्यानाला मदत करत नाही.

आणि मोबाईल बघायच्या आधी. हे मी अगदी हट्टाने सांगते. एकदा का व्हॉट्सॅप उघडलं, कोणाचा गुड मॉर्निंग, कोणाची बातमी, कोणाच्या घरी काय झालं, की पुढची वीस मिनिटं तेच चघळलं जातं. टायमर लावायला मोबाईल लागत असेल तर रात्रीच फ्लाइट मोडवर टाकून, दहा मिनिटांचा हलका आवाज सेट करून, पालथा ठेवून द्या.

आता बसायचं. ह्यावर लोक फार अडतात. मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही. आमच्या सासूबाई खुर्चीत बसतात, ह्यांची पाठ दुखते म्हणून हे भिंतीला टेकून बसतात, दोघांचं ध्यान तितकंच खरं. फक्त दोन गोष्टी बघायच्या, कणा सरळ पण ताठर नाही, आणि कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर. जमिनीवर बसणार असाल तर चादर चौपदरी घडी करून, किंवा जुनी गोधडी, फक्त पार्श्वभागाखाली घ्या, पायाखाली नको. दोन-तीन इंच उंची मिळाली की गुडघे आपोआप खाली जातात आणि पाठ स्वतःहून उभी राहते, धरून ठेवायला लागत नाही. मी पाटावर घडी ठेवते. खुर्चीत बसलात तर तळवे पूर्ण जमिनीला टेकू द्या, पाय लटकत असतील तर खाली पाट ठेवा. हिंचक्यावर नको. मला माहितीये आपल्याकडे प्रत्येक ओटीवर हिंचका आहे आणि तिथेच सगळ्यात छान वाटतं, पण तो हलतो आणि पाय आपोआप झोका द्यायला लागतात.

हात मांडीवर, जसे पडतील तसे. मुद्रा करायची तर करा, नाही केली तरी चालतं. डोळे मिटा, मिटून अस्वस्थ वाटत असेल तर अर्धे उघडे ठेवून समोर दोन-तीन हातांवर जमिनीकडे बघत राहा.

पहिली दोन-तीन मिनिटं श्वासाकडे जाऊच नका, आधी अंग सैल करा. आपल्याला वाटतं आपण सैल आहोत, नसतो. आत्ता हे वाचतानाच बघा, वरचे खालचे दात एकमेकांवर दाबलेले आहेत का? जीभ टाळूला चिकटलीये का? खांदे कानाकडे सरकलेत का? माझं तर रोज उजवा खांदा वर असतो, इतकी वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून तो तसाच राहिलाय. एकेक जागा बघत जायची, कपाळ, डोळ्यांमधली जागा, जबडा, जीभ, मान, खांदे, हाताची बोटं, पोट, मांड्या, पावलं. जिथे आवळलेलं सापडेल तिथे आधी मुद्दाम जरा अजून आवळायचं, पाचेक सेकंद, आणि मग सोडून द्यायचं. आवळून सोडलं की सैल म्हणजे काय ते अंगाला कळतं, नुसतं 'सैल हो' म्हणून कळत नाही. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२०-३० च्या दरम्यान ह्याची पद्धतच बसवली होती, एकेक स्नायू ताणायचा आणि सोडायचा. पोटाकडे विशेष लक्ष द्या. बायकांना लहानपणापासून पोट आत ओढून बसायची सवय असते, ते सोडलं की श्वास लगेच खाली उतरतो.

मग श्वास. सुरुवातीला फक्त एवढंच की बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा थोडा लांब. नाकाने आत, मनात चार आकडे, नाकानेच बाहेर, सहा आकडे. भरून घ्यायचा नाही, ओढायचा नाही, मध्ये कोंडून धरायचा तर अजिबात नाही, विशेषतः बीपी असेल किंवा दिवस राहिलेले असतील तर. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा, आकडा महत्त्वाचा नाही, बाहेर जाणारा लांब एवढंच.

हे का करायचं ते तुम्हाला स्वतःच्या हातावर बघता येतं, आणि मला वाटतं प्रत्येकाने एकदा बघावंच. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोधा. सापडली की सावकाश श्वास आत घ्या आणि सावकाश सोडा, चार-पाच वेळा. नीट लक्ष दिलंत तर कळेल की श्वास आत येताना ठोके जरा जवळ जवळ पडतात आणि बाहेर जाताना लांबतात. मेंदूतून निघून मानेतून खाली हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाणारी एक नस आहे, व्हेगस, ती हृदयाला हळू चाल म्हणून सांगते, आणि श्वास सोडताना तिचा जोर वाढतो. तरुणांच्या नाडीत हा फरक जास्त कळतो, वय वाढलं की कमी होतो, माझ्या मुलीच्या हाताला तर पहिल्याच श्वासाला कळला होता आणि ती म्हणाली "आई, हे तर गाडीच्या ब्रेकसारखं आहे". बरोबर म्हणाली. एरवी बसल्या बसल्या आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. चार-सहाच्या हिशेबाने एक श्वास दहा सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला सहा. निम्मे, किंवा त्याहूनही कमी.

पण हे फक्त दोन-तीन मिनिटं. मग आकडे सोडून द्या, श्वासाला त्याच्या त्याच्या चालीने जाऊ द्या, लांब तर लांब, आखूड तर आखूड. आता आपण फक्त मोजायचं. श्वास बाहेर गेला, एक. परत बाहेर गेला, दोन. असं दहापर्यंत, मग परत एकपासून. मोजताना लक्ष एकाच जागी ठेवायचं, नाकपुडीपाशी जिथे हवा गार लागते तिथे, किंवा पोट वरखाली होतं तिथे, जी जागा तुम्हाला पटकन सापडते ती घ्या पण रोज बदलू नका. झालं, हेच ध्यान. ह्याच्यापुढे काही गुपित नाहीये.

आता होतं काय ते सांगते, कारण इथेच सगळे सोडून देतात. माझी आजचीच सकाळ. एक. दोन. तीन, पाण्याचा जोर आज कमी वाटतोय. चार, जोर कमी म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांनी मोटर लावली असणार, त्यांना मागच्या महिन्यात सांगितलं होतं, त्यांचा तो मोठा मुलगा काय उद्धट बोलला होता तेव्हा, त्याचं लग्न ठरलंय म्हणे, कुठे बरं, आणंदला का नडियादला, आहेरात काय द्यायचं, पाचशे एक कमी दिसतील. आणि मग एकदम जाणवलं की अरे आपण चारवर होतो. चारपासून आणंदपर्यंत जायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. ते जाणवलं, स्वतःवर चिडले नाही, परत एक.

हे 'परत एक' म्हणजेच व्यायाम आहे. वजन उचलणारा माणूस हात खाली नेतो आणि परत वर आणतो, खाली गेला म्हणून कोणी त्याला नापास म्हणत नाही, खाली गेल्याशिवाय वर आणणार कसा. दहा मिनिटांत चाळीस वेळा मन गेलं आणि चाळीस वेळा तुम्ही परत आणलंत तर ती चांगली बैठक झाली. 'माझं मन फार चंचल आहे, मला ध्यान जमणार नाही' हे मी सगळ्यांकडून ऐकते आणि मला खरंच कळवळून सांगावंसं वाटतं की अहो सगळ्यांचंच असतं, माझं सहा वर्षांनीही दहापर्यंत पोचणं रोज होत नाही.

आपल्या दांडिया बाजारात ह्या विषयाची एक मोठी गोष्ट घडून गेलीये आणि बडोद्यातल्याच पुष्कळ मराठी लोकांना ती माहीत नसते. श्री अरविंद १८९३ साली विलायतेहून बडोद्याला आले आणि १९०६ पर्यंत सयाजीराव महाराजांच्या संस्थानात नोकरीला होते, कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवायचे. त्यांचा बंगला अजून आहे, अरविंद निवास, तिथे ध्यानाची शांत खोली आहे. तर सुरतेचं काँग्रेस अधिवेशन १९०७ च्या डिसेंबरात भांडणात मोडलं, त्यानंतर १९०८ च्या जानेवारीत ते परत बडोद्याला आले आणि त्यांची गाठ विष्णु भास्कर लेले ह्यांच्याशी पडली. लेले आपले मराठी योगी. सरदार मजुमदारांच्या वाड्यात माडीवरच्या खोलीत दोघं तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं ते एवढंच की विचार करू नका, मनाकडे बघा, विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधीच त्यांना परतवा. अरविंदांनी नंतर लिहिलंय की विचार बाहेरून येतात हे त्यांनी कधी ऐकलंही नव्हतं, पण खरं का खोटं असा वाद न घालता ते बसले आणि करून बघितलं. तीन दिवसांत त्यांचं मन निःशब्द झालं.

आपण अरविंद नाही आणि मी तर म्हणते आपण विचार परतवायच्या भानगडीतही पडू नये, कारण संसारी माणूस विचाराला ढकलायला गेला की त्याच्याशीच कुस्ती सुरू होते. पण त्यातला अर्धा भाग आपल्या फार कामाचा आहे, तो म्हणजे विचार येताना दिसणं. तो येतोय, मी बघतेय. दारावरून लारी, म्हणजे हातगाडी, चाललीये, भाजीवाल्याची हाक येतेय, म्हणून आपण प्रत्येक लारीमागे चौकापर्यंत जातो का? हाक ऐकू येते, लारी जाते. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी असं होतं की विचार आलेला तुम्हाला चारवरच कळतो, आणंदपर्यंत जावं लागत नाही. ते झालं ना की इतकं मोकळं वाटतं.

ज्यांना आकडे कोरडे वाटतात त्यांनी नाम घ्यावं. आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर श्रीराम जयराम जयजयराम केलं, तुळशीच्या माळेवर, १०८ मणी. मी नवी नवी बसायला लागले तेव्हा त्यांना विचारलं, "आई, तुमचं मन जात नाही का हो इकडे तिकडे?" म्हणाल्या, "जातं की. अगं, घरात सहा माणसं आणि मन कसं जाणार नाही? मणी सुटला नाही म्हणजे झालं." बँकेतली मी, मला वाटायचं जप म्हणजे म्हातारपणाची करमणूक. पण २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या लुचियानो बेर्नार्दी ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलंय की ख्रिस्ती लोकांची जपमाळ लॅटिनमधून म्हणताना आणि योगातला मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. माळ ओढणाऱ्या आपल्या आज्या कुठलेही आकडे न मोजता तिथेच पोचत होत्या. नाम घ्यायचं तर ते श्वास सोडताना घ्या, पूर्ण, सावकाश, ओठ न हलवता, आणि घाई करून संख्या गाठायची नाही.

एक अजून नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही, स्वामी कुवलयानंद. मूळचे गुणे, जन्म आपल्या इथल्या डभोईचा, १८८३. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले, आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. त्यांनी योग करणाऱ्यांचा एक्सरे काढला, बीपी मोजलं, म्हणजे त्यांचं म्हणणं होतं की शरीरात काय होतं ते मोजून बघू. मला हे फार भावतं. म्हणून मी पण तुम्हाला म्हणते की माझ्यावर विश्वास ठेवू नका, नाडी धरून बघा, महिनाभर बसून बघा.

आवाजाचं. 'आमच्याकडे शांतता नाही' हे दुसरं कारण लोक देतात. दांडिया बाजारात राहून मला शांतता कुठून मिळणार, सकाळी देवळातली घंटा, कबुतरं, दुधवाल्याची अ‍ॅक्टिवा, पलीकडच्या घरातलं मिक्सर. नवरात्रात रात्री गरबा, उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, गच्चीगच्चीवर स्पीकर. मी आवाजाशी भांडायचं सोडलं त्याला कारण ते पिंप. एकदा बसल्या बसल्या लक्षात आलं की पाण्याचा आवाज बदलतोय. पिंप रिकामं असताना धार तळाशी आपटते तेव्हा घुमणारा, जाड, खर्जातला आवाज असतो. पाणी चढत जातं तशी वरची हवेची जागा कमी होते आणि सूर वर वर जातो, अगदी हळू, इतका हळू की एका क्षणापासून दुसऱ्या क्षणात कळत नाही, पण तीन-चार मिनिटं मन हललं नाही तर कळतं. काठापाशी आलं की तो बारीक, भरलेला, जवळजवळ गप्प आवाज. डोळे न उघडता मी सांगू शकते की पिंप किती भरलंय. माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं ध्यान श्वासावर नाही, त्या सुरावर लागलं. तर श्वासावर मन लागत नसेल त्यांनी आवाज घ्या. पंख्याचा घ्या, पावसाचा घ्या. त्याला चांगला-वाईट म्हणायचं नाही, कुठून येतोय ह्याचा शोध लावायचा नाही, फक्त तो आत्ता कसा आहे ते ऐकायचं.

अडचणी ज्या हमखास येतात त्या. पायाला मुंग्या येतात, तिथली नस दबते म्हणून, तर सरळ पाय बदला, सहन करण्यात काही पुण्य नाही, फक्त सावकाश बदला आणि बदलताना लक्ष तिथेच ठेवा. झोप येते, तर डोळे अर्धे उघडा, पाठ भिंतीपासून सोडवा, आणि रात्रीची झोप पुरते आहे का ते बघा, कारण पुष्कळदा ध्यानात येणारी झोप ही खरीखुरी शिल्लक राहिलेली झोप असते. खाज येते. एकदा बघा की न खाजवता ती किती वेळ टिकते, बहुतेकदा वाढते वाढते आणि जाते. कधी कधी रडू येतं. मला आईच्या आठवणीने आलं होतं, तिला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. येऊ द्या, पुसा, बसा.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. डोळे मिटल्यावर छातीत धडधड वाढत असेल, जुनं काहीतरी भयंकर परत परत समोर येत असेल, तर हट्टाने बसून राहू नका. डोळे उघडा, उठा, पायाखालची फरशी जाणवेल असं चाला, चौकातल्या चौकात दहा फेऱ्या, प्रत्येक पाऊल टेकताना त्याच्याकडे लक्ष. तेही ध्यानच आहे. आणि आठवडेच्या आठवडे मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा, त्याच्यावर पिंपाशेजारी बसणं हा उपाय नव्हे. बीपीची, झोपेची, कुठलीही चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. माझं स्वतःचं बीपी तेव्हा उतरलं, पण मी मीठ कमी केलं होतं, सुरसागर तलावाला रोज दोन फेऱ्या चालत होते, त्यामुळे नक्की कशाने उतरलं ते मी सांगणार नाही. झोपेचं मात्र सांगते. दोनला जाग अजूनही येते, पण आता मला तिथे काय करायचं ते माहितीये, श्वास लांब सोडायचा आणि एकपासून मोजायचं, आणि पुष्कळदा सातला पोचेपर्यंत झोप लागते.

किती दिवस, किती वेळ. पहिला आठवडा पाच मिनिटं, खरंच पाचच, अजून बसावंसं वाटलं तरी उठा, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसायची ओढ राहते. मग सात, मग महिनाअखेर दहा. दहा-बारावर राहिलात तरी पुष्कळ, वीसपर्यंत जायची सक्ती नाही. मध्ये एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका, नेहमीएवढंच बसा. पाव्हणे आले, लग्नघर असलं, तर तीन श्वास घ्या आणि त्याला आजची बैठक म्हणा, दिवस कोरा जाऊ देऊ नका. कॅलेंडरवर मी पेन्सिलीने टिंब करते, दूधवाल्याच्या खाड्याच्या शेजारीच.

दिवसभरात पण दोन-तीन ठिकाणी खुंटी ठोकून ठेवा. काळाघोड्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला की मी स्टिअरिंगवरचे हात सैल सोडते आणि तीन श्वास लांब सोडते, डोळे उघडे ठेवून अर्थातच. बँकेत होते तेव्हा पुढचं टोकन बोलवायच्या आधी एक श्वास. फोन वाजला की पहिल्या रिंगला उचलायचा नाही, एक श्वास, मग उचलायचा. सकाळच्या दहा मिनिटांत जे शिकतो ते इथे वापरायचं असतं, नाहीतर ते सकाळपुरतं छान वाटून राहून जातं.

उठताना धाडकन उठू नका. टायमर वाजला की आधी बोटं हलवा, हात एकमेकांवर चोळून डोळ्यांवर ठेवा, डोळे हातांच्या आतच उघडा, मग हात काढा. एक मिनिट तसंच बसून आज आधी काय करायचं ते ठरवा, आणि मग चहा.

सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत. हात कापतो, माळ ओढवत नाही, दोन वर्षं झाली तुळशीची माळ देवघरात खुंटीवर आहे. सव्वासहाला फुसफुस सुरू झाली की त्या आपली खुर्ची चौकाच्या दारापाशी ओढायला सांगतात आणि मी पाटावर, त्या खुर्चीत, दोघी बसतो, कोणी बोलत नाही. आणि पिंप काठाला आलं की डोळे न उघडता त्याच मला सांगतात, "अगं, सूर चढला बघ, नळ बंद कर."